खान्देशातलं लाल पाणी आणि प्रकाशसंश्लेषी जिवाणू: नवी प्रजाती ओळखण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी जळगाव जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो. दिवाळीनंतर शेततळ्यातलं, नाल्यातलं पाणी खाली बसायला लागलं की कुणी ना कुणी प्लॅस्टिकची बाटली घेऊन स्टाफरूमच्या दारात उभं असतं. "सर, हाई लाल पानी काय शे?" विद्यार्थ्यांचा प्रश्न थोडा वेगळा असतो: "सर, ही नवी प्रजाती असू शकते का?" तीच तीच उत्तरं देऊन घसा बसला, म्हणून ती इथे लिहून ठेवली आहेत.

प्रकाशसंश्लेषण तर झाडं करतात. जिवाणू कसं करतील?

झाडांच्या कितीतरी आधीपासून जिवाणूच करत आले आहेत. पानातलं हरितलवकसुद्धा मुळात एक नील-हरित जिवाणूच, दुसऱ्या पेशीत कायमचा मुक्कामाला आलेला.

फरक असा, की झाडं आणि नील-हरित जिवाणू पाणी फोडतात आणि प्राणवायू सोडतात. बाकीचे प्रकाशसंश्लेषी जिवाणू पाण्याला हात लावत नाहीत. त्यांना इलेक्ट्रॉन हवे असतात, ते हायड्रोजन सल्फाइडकडून, हायड्रोजनकडून किंवा सेंद्रिय आम्लांकडून मिळवतात. त्यामुळे प्राणवायू तयार होत नाही. उलट प्राणवायू भरपूर असला, तर यांतले बरेच जण प्रकाश पकडणारं रंगद्रव्य बनवणंच थांबवतात. म्हणून ते सापडतात गाळात, साचलेल्या पाण्याच्या तळाशी, जिथे प्राणवायू संपलाय पण उजेड थोडाफार पोचतोय अशा जागी.

असे जिवाणू किती प्रकारचे असतात?

ठोकळमानाने गट असे: जांभळे गंधक जिवाणू, जांभळे बिगर-गंधक जिवाणू, हिरवे गंधक जिवाणू, हिरवे तंतुमय जिवाणू, हेलिओबॅक्टेरिया आणि नील-हरित जिवाणू. हेलिओबॅक्टेरियाची ओळख १९८३ साली झाली, तीही अमेरिकेत एका विद्यापीठाच्या आवारातल्या साध्या मातीतून. २००७ मध्ये यलोस्टोनच्या गरम झऱ्यातून क्लोरॅसिडोबॅक्टेरियम आला, २०१४ मध्ये गोबी वाळवंटातल्या तळ्यातून जेमॅटिमोनास फोटोट्रॉफिका. म्हणजे यादी अजून बंद झालेली नाही. आपल्याकडे बाटलीत येणारे मात्र शंभरात नव्वद वेळा जांभळे बिगर-गंधकच.

कृषी सेवा केंद्रात "पीएसबी" मिळतं, ते हेच का?

नाही. हा घोळ दर हंगामात होतो. दुकानातलं पीएसबी म्हणजे स्फुरद विरघळवणारे जिवाणू. त्यांचा उजेडाशी काही संबंध नाही. इंग्रजीत दोन्हींची (फोटोसिंथेटिक बॅक्टेरिया आणि फॉस्फेट सोल्युबिलायझिंग बॅक्टेरिया) आद्याक्षरं सारखी आली, एवढंच.

मोबाईलवर पाहून अंडी फोडून तळ्याच्या पाण्यात घातली, बाटली उन्हात ठेवली. तीन आठवड्यांत लालभडक झाली. ही नवी प्रजाती असेल का?

केळीवाले बरेच जण पिकावर फवारायला हल्ली हे करतात. बाटली लाल झाली याचा अर्थ जांभळे जिवाणू वाढले, इतपत अंदाज बरोबर. अंड्यातल्या प्रथिनांवर आधी दुसरे जिवाणू ताव मारतात, प्राणवायू संपवतात, सेंद्रिय आम्लं आणि सडका वास तयार करतात. मग प्रकाश मिळाला की जांभळ्यांना रान मोकळं.

पण त्या बाटलीत एक जिवाणू नाही, अख्खा आठवडे बाजार आहे. लाल दिसणाऱ्यांचेच दोन-तीन प्रकार असतील, शिवाय बिनरंगी कितीतरी. "प्रजाती" हा शब्द एका जिवाणूच्या शुद्ध वाणाबद्दल वापरतात, बाटलीबद्दल नाही. अशी बाटली हाताळताना हात धुवा आणि फवारलेला भाजीपाला तसाच खाऊ नका. त्यात आणखी काय वाढलंय, हे रंग सांगत नाही.

पाणी लाल किंवा गुलाबी झालं म्हणजे प्रकाशसंश्लेषी जिवाणूच, असं समजायचं का?

शेजारचंच उदाहरण घ्या. जून २०२० मध्ये बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर गुलाबी झालं. कुणी शेवाळ म्हणालं, कुणी आणखी काही. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत नमुने तपासले तेव्हा हॅलोआर्किया निघाले, म्हणजे खारट पाण्यात राहणारे आर्किया. ते जिवाणूही नव्हेत आणि हरितद्रव्याने प्रकाशसंश्लेषण करणारेही नव्हेत. पाणी आटून खारटपणा वाढला आणि त्यांनी रंग धरला. आपल्याकडे लोखंडाच्या गंजाने लाल झालेलं बोअरचं पाणीसुद्धा लोक मोठ्या आशेने घेऊन येतात.

खान्देशात नमुना कुठून घ्यावा?

हवा तसा विविध मुलूख आहे. चोपडा तालुक्यात अडावदजवळ उनपदेवचा गरम पाण्याचा झरा आहे, शहादा तालुक्यातही उनपदेव आहे. गरम पाण्याच्या वाटेवर दगडांना चिकटलेले हिरवे, नारिंगी पापुद्रे दिसले तर त्यात नील-हरित जिवाणू आणि त्यांच्याखाली हिरवे तंतुमय जिवाणू असण्याची शक्यता धरायला हरकत नाही. सुमारे ७३ अंश सेल्सिअसच्या वर प्रकाशसंश्लेषण चालत नाही, त्यामुळे झऱ्यावर आधी थर्मामीटर बुडवा, मग चमचा काढा. भुसावळजवळ हतनूर धरणाचा फुगवटा आहे, तोरणमाळला यशवंत तलाव आहे. साखर कारखान्याच्या सांडपाण्याची तळी तर उघड जांभळी दिसतात.

माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित जागा म्हणजे केळीच्या बागेकडेचा नाला. काळी कपाशीची जमीन, त्यात सडणारी खोडं, वर्षभर ठिबकची ओल. तिथला गाळ काठीने ढवळला की सडक्या अंड्याचा वास येतो, तोच हायड्रोजन सल्फाइड.

यावल अभयारण्यात किंवा अनेर धरणाच्या अभयारण्यात नमुना घ्यायचा तर वनविभागाची परवानगी आधी घ्या. उनपदेवला लोक श्रद्धेने अंघोळीला येतात. तिथल्या मंडळींना विचारल्याशिवाय पापुद्रे खरवडू नका. चमचाभर पुरतो. जागेचा अक्षांश-रेखांश, तारीख, तापमान आणि सामू तिथेच वहीत लिहा. घरी येऊन लिहू म्हणणाऱ्यांची वही कोरीच राहते.

कॉलेजात वाढवायचे कसे?

सुरुवात विनोग्राडस्की स्तंभापासून करा. रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राडस्की यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला वापरलेली ही पद्धत आजही तितकीच कामाची आहे. उंच काचेची बरणी घ्या. तळाशी काळा गाळ, त्यात मूठभर जिप्सम (चोपण जमिनीत टाकतात तेच) आणि सेल्युलोज म्हणून कागदाचे तुकडे. आम्ही केळीच्या वाळलेल्या खोडाचे बारीक काप टाकतो, झकास चालतं. वर त्याच जागेचं पाणी, तोंडावर प्लॅस्टिक, आणि बरणी उत्तरेच्या खिडकीत. वैशाखातल्या जळगावच्या उन्हात ठेवली तर बरणीचं सूप होईल.

महिना-दीड महिन्यात थर पडतात. तळाला काळं, मग हिरवे गंधक जिवाणू, त्यावर जांभळे गंधक जिवाणू, आणखी वर विटकरी रंगाचे बिगर-गंधक आणि अगदी वर नील-हरित. कुणाला किती सल्फाइड सोसतं आणि किती उजेड लागतो, ते ही बरणी फळ्यावरच्या आकृतीपेक्षा चांगलं शिकवते.

पुढे निवडक माध्यम, म्हणजे हवे तेच जिवाणू वाढतील असं पोषक द्रावण. बिगर-गंधकांसाठी क्षारांचं द्रावण, त्यात सक्सिनेट किंवा मॅलेट (सेंद्रिय आम्लांचे क्षार), अमोनियम क्लोराइड आणि चिमूटभर यीस्ट अर्क. स्क्रू झाकणाची बाटली काठोकाठ भरायची, हवेचा बुडबुडा राहता कामा नये. सामू साधारण ७, तापमान ३० अंशांच्या आसपास, समोर दिवा.

दिवा कोणता?

जुना पिवळा तंतूचा बल्ब. यावर मी हात पोळून घेतले आहेत. एका वर्षी वीजबिल कमी करायचं म्हणून मी सगळे बल्ब काढून पांढरे एलईडी लावले. दोन आठवड्यांत संवर्धनं (बाटल्यांत वाढवलेले जिवाणू) फिकट पडली. आधी माध्यमावर शंका घेतली, मग पाण्यावर, मग विद्यार्थ्यांवर. शेवटी लक्षात आलं: जांभळे जिवाणू ८०० ते ९०० नॅनोमीटरचा अवरक्त उजेड मनापासून खातात, आणि पांढऱ्या एलईडीत तो जवळजवळ नसतोच. आपल्या डोळ्याला लख्ख, त्यांच्या दृष्टीने अंधार. तंतूचा बल्ब मिळत नसेल तर ८५० नॅनोमीटरचे अवरक्त एलईडी आणा. विद्यार्थ्यांची माफी मागितली, हेही नोंदवतो.

शुद्ध वाण वेगळा कसा काढतात?

नव्या प्रजातीच्या कामात दहातली सात प्रकरणं इथेच बुडतात. म्हणून हे उत्तर लांबलंय.

पद्धत अशी. आठ-दहा नळ्यांत अगार (गार झाल्यावर गोठणारं माध्यम) वितळवून ४५ अंशांपर्यंत निवू द्यायचं. पहिल्या नळीत संवर्धनाचा एक थेंब, हलक्या हाताने उलटी-सुलटी करायची, तिच्यातला थोडा भाग दुसरीत, दुसरीतला तिसरीत. मग नळ्या गार पाण्यात उभ्या करायच्या आणि वरून वितळलेलं पॅराफिन ओतायचं, म्हणजे हवा बंद. दिव्यासमोर आठ-पंधरा दिवसांत पहिल्या नळ्या सलग लाल होतात, पण सहाव्या-सातव्या नळीत अगारच्या आत मसुराच्या डाळीसारखे लाल दाणे लटकलेले दिसतात, एकमेकांपासून सुटे. त्यातला एकच दाणा, बारीक ओढलेल्या काचेच्या नळीने, श्वास धरून खेचून घ्यायचा. त्याच्यापासून पुन्हा तोच खेळ. निदान तीनदा.

आणि तरीही खात्री नाही. लाल दाण्याला चिकटून बिनरंगी सोबती राहतो. तो दिसत नाही म्हणून नसतो असं नाही. त्यासाठी पेप्टोनच्या माध्यमात, अंधारात, थोडं संवर्धन टाकून पाहायचं, आणि सूक्ष्मदर्शकाखाली सगळ्या पेशी एकाच घडणीच्या आहेत का ते बघायचं. मात्र काही जांभळे जिवाणू अंधारातही हवेवर वाढतात, म्हणून नुसतं "गढूळ झालं" यावर निकाल देऊ नका.

रंगावरून गट ओळखता येतो का?

डोळ्याला दिसणारा रंग बहुतेक वेळा कॅरोटिनॉइडचा (पिवळ्या-लाल जोड-रंगद्रव्यांचा) असतो आणि तो फसवतो. हिरवे गंधक जिवाणूसुद्धा तपकिरी असू शकतात. खरा पुरावा शोषण-वर्णपटाचा, म्हणजे कोणत्या तरंगलांबीचा उजेड किती शोषला जातो त्याच्या आलेखाचा. जिवंत पेशी साखरेच्या घट्ट द्रावणात मिसळतात, त्यामुळे उजेड कमी विखुरतो आणि शिखरं स्पष्ट येतात. बॅक्टेरिओक्लोरोफिल (जिवाणूंचं हरितद्रव्य) ए असेल तर ८०० च्या आसपास आणि ८५० ते ८८० च्या दरम्यान शिखरं मिळतात. बी असेल तर थेट १०२० नॅनोमीटरच्या पुढेमागे. हिरव्या गटांतली सी, डी, ई ही ७१५ ते ७५५ मध्ये. हेलिओबॅक्टेरियाचं जी ७८८ ला. ६८० जवळ शिखर आलं तर तुम्ही नील-हरित किंवा शेवाळ पकडलंय.

कॉलेजातल्या साध्या कलरीमीटरवर हे जमणार नाही. अवरक्तापर्यंत जाणारा स्पेक्ट्रोफोटोमीटर हवा.

१६एस तपासणी म्हणजे काय?

रायबोसोमच्या आरएनएसाठीचं साधारण १५०० अक्षरांचं जनुक. सगळ्या जिवाणूंत असतं, फार हळू बदलतं. कार्ल वूझ आणि जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ मध्ये याच रेणूच्या तुलनेतून आर्कियांना वेगळं घर दिलं. आपण डीएनए काढतो, पीसीआरने हे जनुक वाढवतो, क्रम वाचून घेतो आणि मान्यताप्राप्त प्रजातींच्या नमुना-वाणांशी (ज्या वाणावरून प्रजातीचं नाव ठरलं त्यांच्याशी) ताडून पाहतो.

मी वर्गात सांगतो, १६एस म्हणजे आडनाव. आमच्याकडे अर्धं गाव पाटील, उरलेलं चौधरी आणि महाजन. आडनावावरून भाऊबंद कळतात, पण दारात उभा कोण हे कळायला सातबारा काढावा लागतो.

साम्य ९८.७ टक्क्यांपेक्षा कमी आलं तर नवी प्रजाती असण्याची दाट शक्यता. जुन्या पुस्तकांत ९७ टक्के लिहिलेलं आहे, तो आकडा आता सैल मानतात. एक सूचना: ताडताना "असंवर्धित जिवाणू" असं लिहिलेल्या नोंदींशी नव्हे, नमुना-वाणांशीच ताडा. आणि क्रमाच्या आलेखात एकाच जागी दोन-दोन शिखरं दिसत असतील, तर मागच्या पायरीवर परत जा. तुमचा वाण शुद्ध नाही.

९८.१ टक्के आलं. झाली ना नवी प्रजाती?

पेढे आणू नका अजून. आता सातबारा, म्हणजे संपूर्ण जीनोम, जिवाणूचा सगळा डीएनए. दोन जीनोममधलं सरासरी न्यूक्लिओटाइड साम्य ९५ ते ९६ टक्क्यांच्या खाली हवं. १९८७ पासून चालत आलेला डीएनए-डीएनए संकरणाचा (दोन जिवाणूंचे डीएनए एकमेकांशी किती जुळतात याचा) ७० टक्क्यांचा निकषही आता संगणकावर मोजतात. दोन्हींचा कौल एकच हवा. तुलना एकाच शेजाऱ्याशी नाही, त्या वंशातल्या सगळ्या जवळच्या नमुना-वाणांशी करायची. "नवी" हा शब्द तुमच्या जिवाणूत नसतो. तो आधी नोंदलेल्या सगळ्यांशी पडताळल्यावर मिळतो.

उलटही होतं. १६एस ९९ टक्क्यांच्या वर जुळतं आणि जीनोम वेगळा निघतो. म्हणून ९९ पाहून वाण बेसिनमध्ये ओतू नका.

जीनोम आहे, मग बाकीच्या चाचण्या कशाला?

जीनोम काय करू शकतो ते सांगतो, जिवाणू प्रत्यक्षात काय करतो ते नाही. उजेडात, अंधारात, हवेवर, हवेशिवाय वाढतो का? कोणत्या सेंद्रिय आम्लावर? मीठ किती सोसतो, कोणतं जीवनसत्त्व मागतो? गंधकाचे कण पेशीच्या आत साठवतो की बाहेर? आत असतील तर क्रोमॅटियम या जांभळ्या गंधक जिवाणूच्या नात्यातला, बाहेर असतील तर बहुधा हिरव्या क्लोरोबियमच्या किंवा जांभळ्या एक्टोथायोरोडोस्पायराच्या. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली आतल्या पटलांची रचना बुडबुड्यांसारखी की थरांची, पेशी मधोमध दुभंगते की कोंब काढते? पेशीतली मेदाम्लं, क्विनोन, ध्रुवीय मेद कोणते, हेही पाहायचं. आणि हे सगळं जवळच्या नमुना-वाणांवर त्याच दिवशी, त्याच माध्यमात करायचं. दुसऱ्याच्या लेखातला आकडा उचलून तुलना करणं मला तरी पटत नाही.

नावात खान्देश आणता येईल का?

येईल. स्थळावरून "-एन्सिस" लावतात, पण वंशाचं (नावातल्या पहिल्या शब्दाचं) लिंग पाहावं लागतं. रोडोस्यूडोमोनास स्त्रीलिंगी, म्हणून खान्देशेन्सिस. क्लोरोबियम नपुंसकलिंगी, म्हणून खान्देशेन्से. गुणावरूनही ठेवता येतं: पॅलुस्ट्रिस म्हणजे दलदलीतला. स्वतःचं नाव स्वतःच्या जिवाणूला देऊ नये, असा संकेत आहे.

नाव अधिकृत कधी होतं?

पेपरात बातमी आल्यावर नाही. केंद्रकपूर्व जीवांच्या (जिवाणू आणि आर्किया यांच्या) नामकरणाची आंतरराष्ट्रीय संहिता आहे. १ जानेवारी १९८० ला मान्य नावांची नवी यादी लागू झाली आणि पाटी कोरी करून सुरुवात झाली. त्या संहितेनुसार वर्णन छापावं लागतं, नाव ठरलेल्या नियतकालिकात छापून किंवा त्याच्या मान्यता-यादीत येऊन वैध व्हावं लागतं, आणि २००१ पासून नमुना-वाण दोन वेगळ्या देशांतल्या दोन संग्रहांत जिवंत जमा असावा लागतो. आपल्याकडे चंदीगडचा एमटीसीसी, पुण्याचं राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र. बाहेर जपानचा जेसीएम, जर्मनीचा डीएसएमझेड, कोरियाचा केसीटीसी.

वाण परदेशी पाठवायचा तर जैवविविधता कायदा, २००२ आड येतो. चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे नियम काम सुरू करतानाच वाचा. लेख लिहून झाल्यावर परवानगीच्या मागे धावणारे मी पाहिले आहेत. बिचाऱ्यांचा वाण तोवर फ्रीजमध्ये मेला.

शुद्ध वाण निघालाच नाही, फक्त डीएनए हाती आहे. मग?

"कँडिडेटस" हे उपपद लावून तात्पुरतं नाव देता येतं. २०२२ मध्ये सीक्वकोड नावाची वेगळी संहिता आली, तिच्यात जीनोमलाच नमुना मानतात. दोन्ही वाटा खुल्या आहेत. तरी नळीत वाढणारा जिवाणू हाती असण्याची मजा वेगळी.

नील-हरित शेवाळाचंही असंच असतं का?

शाळेच्या पुस्तकाने शेवाळ म्हटलं तरी ते जिवाणूच. फक्त त्यांच्यावर वनस्पतिशास्त्राची नामसंहिताही हक्क सांगते, त्यामुळे कागदपत्रं दुप्पट गुंतागुंतीची. दुकानातली "स्पिरुलिना" बघा. शास्त्रीय नाव आधी आर्थ्रोस्पायरा झालं, आता तिचे वाण लिम्नोस्पायरामध्ये गेले. डब्यावर स्पिरुलिनाच.

एकूण वेळ किती लागतो?

सगळं सरळ गेलं तर वर्ष-दीड वर्ष. सरळ जात नाही. भारनियमन, परीक्षा, मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत गुदमरलेलं इन्क्युबेटर, हे धरून दोन-तीन वर्षं म्हणा.

एवढं करून जुनीच प्रजाती निघाली तर मेहनत वाया का?

आमचंच सांगतो. नाल्यातल्या गाळातून दोन विद्यार्थिनींनी आठ महिने खपून एक लाल वाण शुद्ध केला. कोंबाने वाढणारा, वर्णपट देखणा. नावसुद्धा मनात ठरलं होतं. १६एस आलं: रोडोस्यूडोमोनास पॅलुस्ट्रिस, ९९.८ टक्के. जगातल्या सगळ्यात ओळखीच्या प्रकाशसंश्लेषी जिवाणूंपैकी एक. एकीने डबा उघडून मुकाट कळण्याची भाकरी खाल्ली, दुसरी म्हणाली, "सर, पुढच्या आठवड्यात उनपदेवला जाऊ."

तो वाण अजून आमच्याकडे आहे. दर पंधरा दिवसांनी नवीन माध्यमात जातो. पहिल्या वर्षाच्या मुलांना वर्णपट काढायला तोच देतो, आणि दुसऱ्या कुठल्या संवर्धनाचा रंग उतरला की आधी त्याची बाटली बघतो. तीही फिकट असेल तर दोष दिव्याचा.